विनूच्या उपचारांबद्दल

प्रिय नंदे,

तुझं पत्र मिळालं. आधी एक विनंती. ईसीजी, इको, थायरॉइड सगळं नॉर्मल आलंय म्हणून ‘तुला काही झालेलं नाही’ असं विनूला सांगणं थांबवा. त्याला होतंय. छाती खरोखर धडधडते, हातांना मुंग्या खरोखर येतात. दादरच्या पुलावर आपण आता मरतो असं त्याला वाटलं, ते नाटक नव्हतं. डॉक्टरांनी पॅनिक अटॅकचं, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांचं, निदान केलंय आणि यावर चांगले उपचार आहेत.

ज्या बाईंचं नाव तुम्हाला सुचवलंय, त्या ‘सीबीटी करतात’ (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, विचार आणि वागणं तपासत करायचे उपचार) म्हणजे नेमकं काय शिकल्यात, असं तू विचारलंस. फार बरं वाटलं. हाडांच्या डॉक्टरची पदवी आपण बघतो, मनाच्या बाबतीत मात्र ‘बोलायला छान आहेत’ एवढ्यावर भागवतो.

2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या दिली आहे. ढोबळमानाने सांगायचं तर मानसशास्त्रात एम.ए., त्यानंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. आणि त्यात देखरेखीखाली रुग्णांबरोबर केलेलं काम. भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेल्या संस्थेतली क्लिनिकल सायकॉलॉजीची पदवीही चालते. आता एम.फिल.च्या जागी दुसरे अभ्यासक्रम येताहेत, म्हणून पदवीच्या नावात अडकू नकोस, आरसीआयचा नोंदणी क्रमांक विचार. नोंदणी कोणत्या वर्गात आहे तेही बघ, कारण दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षकांची नावंसुद्धा त्याच नोंदवहीत असतात. चांगल्या काउन्सेलरबद्दल मला आदर आहे, पण आठवड्याच्या शेवटी ऑनलाइन कोर्स करून कुणी ‘सीबीटी थेरपिस्ट’ अशी पाटी लावली, तर तिथे विनूला पाठवू नकोस.

नोंदणी झाली की सगळं झालं असंही नाही. मी रांचीला काँकेच्या मानसोपचार संस्थेत शिकले, तेव्हा खरं शिक्षण वर्गात झालंच नाही. वॉर्डात रुग्णाशी बोलायचं, सगळं लिहून काढायचं आणि मग सरांपुढे बसायचं. हा प्रश्न का विचारलास? तो गप्प झाला तेव्हा तू काय केलंस? रुग्णाच्या मनात त्या क्षणी कुठला विचार आला असेल, तो त्याच्या तोंडून काढलास की तूच सुचवलास? या शेवटच्या प्रश्नात सीबीटीचं अर्धं मर्म आहे. म्हणून त्या बाईंना जरूर विचार, ‘तुमच्या कामावर कोणाची देखरेख होती? आता अडलं तर कोणाशी चर्चा करता?’ चांगल्या थेरपिस्टला या प्रश्नाचा राग येत नाही.

लोकांना वाटतं, सीबीटी म्हणजे सकारात्मक विचार करायला शिकवणं. मला हे ऐकून दर वेळी वाईट वाटतं. सीबीटीचे जनक, फिलाडेल्फियाचे मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक मुळात मनोविश्लेषणात तयार झालेले. नैराश्याच्या रुग्णांचं बारकाईने ऐकताना 1960च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं, की या माणसांच्या मनात स्वतःबद्दलचे काही विचार आपसूक, झर्रकन येऊन जातात आणि ते खरेच धरले जातात. त्या विचारांना खोटं म्हणायचं नाही, तपासायचं. न्यूयॉर्कला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस 1955पासून याच दिशेने काम करत होते, आणि आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी त्यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती विचारपद्धती मराठी माणसांपर्यंत आणली.

विनूच्या बाबतीत ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986मध्ये मांडलेली साखळी लागू पडते, असं मला तुझ्या वर्णनावरून वाटतं. जिना चढल्यावर छाती धडधडली, ‘हा हार्ट अटॅक’ असा अर्थ लावला, त्या भीतीने धडधड वाढली, म्हणजे खात्रीच पटली. मग तो खिशात सॉर्बिट्रेट ही हृदयाची गोळी ठेवतो, लोकलच्या दारापाशीच उभा राहतो, पाण्याची बाटली सोडत नाही. दर वेळी सुखरूप घरी येतो आणि श्रेय बाटलीला देतो!

त्यामुळे जाणकार थेरपिस्ट त्याला नुसता धीर देणार नाही. शारीरिक तपासण्या बघून, खोलीतच त्याला मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायला लावेल आणि त्याच मुंग्या, तीच चक्कर त्याने स्वतः आणून दाखवली की विचारेल, ‘आता काय वाटतं, हे कशामुळे होतं?’ पुढे एक स्टेशन, मग तीन, आधी सोबतीने, मग एकट्याने, आणि शेवटी बाटली घरी ठेवून. घरी करायचा अभ्यास दर आठवड्याला असेल. साधारण बारा-पंधरा भेटी धरून चाला. चार-पाच भेटी नुसत्या गप्पांत गेल्या, अभ्यास नाही, पुढे काय करायचं ते ठरलेलं नाही, असं दिसलं तर स्पष्ट विचारा.

गोळ्यांबद्दल. सायकॉलॉजिस्ट औषध लिहून देत नाही, ते सायकियाट्रिस्टचं काम. दोन्ही एकत्र चालू शकतात. विनूला अल्प्राझोलाम ही भीती शमवणारी गोळी दिलीय असं तू लिहिलंस, ती त्याने मनाने वाढवू नये आणि एकदम बंदही करू नये. कमी करायची तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे, हळूहळू. आणि जगण्यात अर्थ नाही असं कधी तो बोलला, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी सायकियाट्रिस्टकडे घेऊन जा.

तूच त्याला बघ, असं काकूंनी फोनवर सांगितलं. नंदे, ते मी करणार नाही. तो माझ्या डोळ्यांसमोर लहानाचा मोठा झालाय. मला सांगायला त्याला लाज वाटेल अशा गोष्टी तो परक्या माणसाला मोकळेपणाने सांगेल, आणि उपचारांत नेमक्या त्याच लागतात. त्याला माझ्याशी नुसतं बोलायचं असेल तर रात्री साडेनऊनंतर कधीही फोन करू दे. बाईंचा नोंदणी क्रमांक मिळाला की मला कळव.

तुझी,
मीरा