मुरोरानहून बाळ्याला

प्रिय बाळ्या,

तब्येत बरी आहे, शुगर होती तिथेच आहे. दिवाळीपासून पत्र नाही म्हणून ज्या शिव्या साठवल्या असशील, त्या भेटीत दे.

कामासाठी होक्काइदोत आलोय. मुरोरान, पोलादाचं बंदर. हिगाशी-मुरोरानला गाडी बदलायची, पुढे फाटा: वानिशी, मिसाकी, बोकोई, मुरोरान, की संपली लाइन. शेजारचा जपानी बघत होता आणि मी आपला पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी पुटपुटतोय. हे खोपोलीकराशिवाय कोणाला सांगू?

वानिशीला रुळांच्या एका अंगाला नुसता कारखाना. मला वाटलं, आपल्यासारखीच कथा असणार, कंपनी बंद पडली नि गाव बसलं. पण तसं नाही रे! रिफायनरीतलं तेलशुद्धीकरण 2014 साली थांबलं, पण लोखंडाची भट्टी चालू आहे. 1907 सालचा निहोन सेइकोशो हा पोलादाचा कारखाना अजून अणुभट्ट्यांचे अजस्र भाग घडवतो. तरी 1970च्या सुमाराला एक लाख साठ हजारांवर असलेली वस्ती आता ऐंशी हजारसुद्धा नाही. तेच काम थोड्या माणसांत होतं, पोरं सापोरो-तोक्योला जातात. 1998 साली बंदरावर 1,380 मीटरचा झुलता पूल बांधला, तोवर जवळपास तिसरा हिस्सा गर्दी ओसरली होती. बाजारात दुपारी शटर खाली. रात्री मात्र कारखान्यांचे दिवे बघायला लोक पैसे देऊन बोटीत बसतात! आपल्या बंद कंपनीच्या चिमणीला असं तिकीट लावलं असतं तर अण्णांची कंपनीकडची थकबाकी कधीच फिटली असती.

तिथल्या एका खानावळीत याकितोरी खाल्ली, म्हणजे काडीला लावून भाजलेले मांसाचे तुकडे. इथे ती कोंबडीची नसते, डुकराची. मध्ये कांदा, वर झणझणीत मोहरी. (तुझ्या वहिनीला कोंबडीच सांगितलंय, तू तोंड उघडू नकोस.) म्हातारा मालक काड्या फिरवत होता, कोपर काउंटरला टेकवून, एका हाताने. मुलगा सापोरोला. मी फोनवर भाषांतर करून विचारलं, तुम्ही का नाही गेलात? त्याने फोनवर उत्तर वाचायला दिलं: ‘तिथे मी काय करू?’

अण्णासुद्धा हेच म्हणतात की नाही, शब्दाला शब्द? तिथे भट्टी पेटलेली असून माणसं गेली, आपल्याकडे ती विझून इतकी वर्षं झाली तरी कॉलनीतली म्हातारी माणसं हलत नाहीत. मग ती थकबाकीसाठी थांबलीत हे खरं मानायचं का? मला कधीच पटलं नाही. पण अण्णांच्या सी बिल्डिंगचा जिना तू रोज बघतोस. पावसाळ्यात स्लॅबचा तुकडा पडला तेव्हा तूच फोन केलास, आणि मी त्यांना पुण्याला नेतो म्हटलं तर भांडायलाही तूच उभा! गॅलरीतलं ते भांडण मी विसरलेलो नाही. तू बारावीतला माझा रनआउट अजून मान्य करत नाहीस, तर हे काय करणार म्हणा. तरी सांग, जिना कोसळला तर ‘तिथे मी काय करू’ला आपण काय उत्तर द्यायचं? त्यांना उचलून न्यायचं की नुसतं खालच्या मजल्यावर आणायचं? देशमुखांची खोली रिकामी आहे ना? तिथे आले तर मी पुण्याचं नाव काढणार नाही.

तुझ्या दुकानाचं लायसन्स झालं का? सोनूचा निकाल कळव. शैलाच्या गुडघ्याला तेल नको, डॉक्टरला दाखव.

देशमुखांच्या खोलीचं भाडं विचारून ठेव, आणि अण्णांशी बोलताना माझं नाव घेऊ नकोस, तुझीच कल्पना म्हणून सांग.

तुझा,
पक्या