परभणीच्या स्टेशन रोडवरच्या टीव्हीवाल्या काकांना, आमचा बैल जपल्याबद्दल

काका, राम राम.

तुम्ही स्वतः हे वाचाल का नाही ठाऊक नाही, पण दुकानात तुमच्या हाताखाली असतो त्या पोराला पाठवायलोय, तो दाखवीलच. त्या दिवशी पैसे दिले, "येतो काका" म्हणलो आणि निघालो, घसा इतका दाटून आला होता की पुढं बोलताच आलं नसतं. अजूनही तुम्ही चिकटवलेली ती पट्टी बघितली की तसंच होतंय.

तुमच्याकडं आणलं होतं ते पांढरं खोकं म्हणजे सेगा कंपनीचं ड्रीमकास्ट, टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन. मामानं मुंबईहून जुनं घेऊन आणलं होतं, अमेरिकेतला पीस, म्हणून त्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो. कंपनीनं २००१ सालीच ते बनवायचं बंद केलं, त्यामुळं बिघडलं की वाली कोणी नाही. चालू करावं तर दोन मिनिटात आपोआप बंद होऊन परत सुरू व्हायचं. तुमच्या आधी पुण्यात एका मोठ्या एसी दुकानात दाखवलं, काउंटरवरच्या पोरानं खोकं उघडलं सुद्धा नाही, "सर भंगारात द्या, नवीन घ्या" म्हणला. दुसऱ्या एकानं ठेवून घेतलं, फोन उचलायचं बंद केलं, आणि शेवटी परत दिलं तेव्हा झाकणाचे दोन स्क्रू गायब. वर सांगितलं की गेम सेव्ह होतो त्या मेमरी कार्डाची बॅटरी मेलीय म्हणजे आतलं सगळं गेलं, विषय संपला. खोटं होतं ते साफ. त्या कार्डातले दोन सेल फक्त त्याच्या छोट्या स्क्रीनला आणि घड्याळाला लागतात, सेव्ह केलेलं सेलवर अवलंबून नसतंच. पण बघायची तसदी कोण घेतो.

तुम्ही विचारलं होतं, "एवढं काय आहे रं यात?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, आता सांगतो.

त्यात एकच गेम आहे काका, जेट सेट रेडिओ. अमेरिकेच्या डिस्कवर नाव जेट ग्राइंड रेडिओ, गेम तोच, २००० सालचा. टोकियोसारखंच एक शहर, त्यात पायाला चाकं लावलेली पोरं, बीट, गम आणि त्यांची टोळी, रेलिंगवरून घसरत जातात आणि भिंतींवर स्प्रेनं रंगवतात. मागं पोलीस लागतात, आधी साधे शिपाई, मग अश्रुधूर, मग हेलिकॉप्टर आणि रणगाडे सुद्धा, नुसत्या भिंती रंगवल्या म्हणून! आणि एक चोरटं रेडिओ स्टेशन दिवसरात्र चालू, त्याचा निवेदक प्रोफेसर के ओरडून ओरडून गोष्ट सांगतो.

पण मला बांधून ठेवलं ते त्याच्या दिसण्यानं. तेव्हाचे बाकीचे गेम खऱ्यासारखं दिसायच्या नादात होते, आज बघितले की चेहरे मातीचे वाटतात. ह्यांनी काळ्या जाड रेघा मारून सपाट रंग भरले, हातानं काढलेलं कॉमिक हलायलंय असं वाटावं, सेल शेडिंग म्हणतात त्याला, आणि म्हणूनच पंचवीस वर्षांनी सुद्धा ते जुनं दिसत नाही. त्या शहराचे भाग वेगवेगळे, शिबुया-चोला दिवस, कोगाने-चोला कायम संध्याकाळ, बेंतेन-चोला रात्र आणि निऑन दिवे. संगीत बरंचसं हिदेकी नागानुमाचं, तुकडे कापून कापून जोडलेलं, ऐकताना मान आपोआप हलते. स्केटिंग काही सोपं नाही, कॅमेरा भलतीकडं वळतो, मोठं चित्र काढायचं तर हातातल्या कंट्रोलरची काठी स्क्रीनवरच्या बाणाप्रमाणं फिरवायची आणि तेवढ्यात पोलीस मागून धरतात. मला ते आवडतं. चित्र फुकट मिळत नाही, थांबून, जीव धोक्यात घालून काढावं लागतं.

आमच्याकडं तेव्हा लोडशेडिंग म्हणजे रोजचं. लाईट कधी जाईल नेम नाही, त्यामुळं मी आणि ताई आळीपाळीनं खेळायचो आणि एक जागा संपली की आधी सेव्ह. गेममध्ये स्वतःचं चित्र काढायची सोय आहे, ठिपक्या ठिपक्यानं रंग भरत, ते मग भिंतीवर उमटतं. ताईनं पोळ्याच्या सुट्टीत बैल काढला. निळी शिंगं, कपाळाला बाशिंग, पाठीवर लाल झूल. टोकियोच्या भिंतीवर पोळ्याचा बैल! पुढं तिचं लग्न झालं, ती लातूरला गेली, नोकरी, लेकरं, तिनं पुन्हा कधी काही काढलंच नाही. तिच्या हातचं चित्र म्हणून घरात तेवढंच आहे, आणि ते त्या बोटाएवढ्या कार्डात आहे.

गेम दुसरीकडं मिळायचा, २०१२ ला एचडी करून काढला होता, पण २०२४ च्या डिसेंबरात स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर त्याची विक्री बंद झाली. आणि मिळाला असता तरी बैल त्यात नसता.

हे सगळं मी तुम्हाला घाईघाईत दोन वाक्यात सांगितलं असेल. तुम्ही कप बाजूला ठेवला आणि एवढंच म्हणलात, "लेकीच्या हातचं हाय म्हण की." मशीन दुरुस्त केलीत, पॉवरच्या पिना गंजल्या होत्या, ते तुमचं कामच, आणि त्याचे पैसे रीतसर घेतलेत ते बरंच केलंत. मी विसरू शकत नाही ते वेगळंच. घरी येऊन पिशवी उघडली तर मेमरी कार्ड वेगळं, स्वच्छ कापडात गुंडाळलेलं, त्यावर पांढरी चिकटपट्टी आणि तुमच्या अक्षरात बॉलपेननं लिहिलेलं: "आत बैल आहे. पुसू नये."

काका, हे लिहायला तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला त्या गेममधलं काही कळत नाही, कळायची गरजही नव्हती. पोरानं टेस्टिंग करताना चुकून काही दाबू नये म्हणून तुम्ही ती पट्टी लावली असणार. ज्यांना गेममधलं सगळं कळत होतं त्यांनी खोकं भंगारात काढलं, आणि तुम्ही आत कुणाचं तरी काहीतरी आहे एवढंच धरून काम केलंत. आपल्याकडं अशी माणसं आहेत अजून, शिंपी आहेत जे जुन्या लुगड्याची गोधडी शिवताना पदराचा तुकडा मधोमध येऊ देतात, घड्याळवाले आहेत जे वडलांचं घड्याळ म्हणलं की हात धुऊन बसतात. त्यांच्या दुकानाला रेटिंग नसतं, बोर्ड सुद्धा धड नसतो. दुसऱ्याची वस्तू म्हणजे दुसऱ्याचा जीव असं समजून वागणारे हे लोक आहेत म्हणून गावात राहावंसं वाटतं, मी मनापासून सांगायलोय.

पट्टी मी काढलेली नाही, काढणारही नाही.

ताईला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन आला, आधी रडली, मग म्हणली शिंगाला अजून एक पिवळा पट्टा पाहिजे होता, राहूनच गेला. पंचमीला ती माहेरी येणारै. मशीन घेऊन दोघं दुकानात येतो, तुमच्या टेबलावरच्या त्या जुन्या टीव्हीवर लावू, ती पट्टा तुमच्यासमोरच काढील. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा येऊ का, तेवढं त्या पोराकडून कळवा.

तुमचा,
पांढऱ्या खोक्यावाला