बोटीच्या सीटात मुरलेलं पाणी आधी काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2019 च्या महापुरानंतर आमच्या तरुण मंडळानं वर्गणी काढून एक जुनी पॉवरबोट घेतली, मागं इंजिन आणि त्याच्यावर झाकण, झाकणावरच सीट. 2021 ला पाणी आलं तेव्हा ती चिखली, आंबेवाडीच्या बाजूला चालवली पण. नंतर बोट देवळामागं फाटक्या ताडपत्रीखाली पडून राहिली, आणि यंदा मे महिन्यात सर्व्हिसिंगला काढली तर इंजिनचं झाकण उचलायला तिघं लागले. पूर्वी मी एकटा उचलत होतो ओ! गॅसचे दांडे, कारच्या डिकीला असतात तसले, ते तर पार बसलेले, त्यामुळं झाकण धाडकन खाली आलं आणि एका पोराची बोटं थोडक्यात वाचली.

सीट दाबली की शिलाईतनं काळं पाणी यायचं. गेल्या वर्षीच एका कारागिराकडनं नवीन रेक्झिन मारून घेतलं होतं, त्यानं आतला ओला फोम तसाच ठेवून वरनं चकाचक करून दिलं. आत बघितलं तर खालचा साधा प्लाय बोटानं उकरत होता, पिना गंजून गेलेल्या. दोन फूट बाय दीड फूट, चार इंच जाडीचा फोम म्हणजे एक घनफूट, त्यात 28 लिटर पाणी मावतं, निम्मा जरी भिजला तरी 14 किलो झाले. अशा चार सीटा धरा आणि वर ते झाकण. पुरात एक माणूस कमी बसवावा लागतो हो, ज्याच्या घरात पाणी शिरलंय त्याला काय सांगायचं, थांब, पुढच्या फेरीला येतो?

झाकण जड झालं ते कशानं, तर बिजागरीच्या स्क्रूच्या भोकांतनं. फायबरच्या दोन थरांत लाकूड असतं, भोकातनं पाणी झिरपत झिरपत ते लाकूड कुजतं, वरनं काहीच दिसत नाही. आम्ही उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या मिस्त्रीच्या शेडमध्ये झाकण उलटं करून खालचा थर कापला, आतला लगदा खरवडला, आठ दिवस कडक उन्हात वाळवलं, मग मरीन प्लायचे, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायचे, तुकडे इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा चिकट रेझिन) लावून बसवले, वरनं फायबरचं कापड. स्क्रूची भोकं मोठी पाडून इपॉक्सीनं भरली आणि सुकल्यावर त्यातच बारीक भोक पाडलं, आता पाणी लाकडाला लागत नाही. दांडेसुद्धा झाकणाचं वजन करून त्या हिशोबाचे घेतले, अंदाजानं घेऊ नका. सीटांना न गंजणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या पिना, तळाला पाणी निथळायला भोकं, आणि फोम बंद छिद्रांचा, योगाच्या मॅटसारखा, तो पाणी पीत नाही.

आणखी एक, ज्यांच्या बोटीचं इंजिन पेट्रोलचं आहे त्यांच्यासाठी. झाकण जड असलं की चालू करायच्या आधी उघडून वास घ्यायचा सगळे कंटाळा करतात, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, तळाला साचून राहते. एक ठिणगी पुरे. झाकण एका हातानं उघडलं पाहिजे म्हणतो ते म्हणूनच.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटाला इशारा आणि 43 ला धोका, हे कोल्हापुरात बारक्या पोराला पण पाठ आहे. पण बोटी बाहेर निघतात त्या पाणी 39 ला टेकल्यावर, त्या दिवशी फोम वाळत नाही आणि इपॉक्सी पण धरत नाही. ज्या ज्या गावांत, मंडळांत बोट आहे त्यांनी मृगाच्या आधी एकेक सीट काढून काट्यावर ठेवावी, झाकण उचलून बघावं. आमचा कापलेला जुना थर शेडमध्ये तसाच ठेवलाय, कुणाला बघायचा असेल तर रविवारी सकाळी आम्ही तिथंच असतो.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर