बारावे नाव लिहिणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,

सादर नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या घरून ती नोंदवही घेऊन निघाले तेव्हा आभाराचा एक शब्दही तोंडातून फुटला नाही. हुंदका गिळेपर्यंत गल्ली संपली होती. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड, कारण तुम्ही काय जपून ठेवले आहे ते शाळेच्या साऱ्या माजी विद्यार्थ्यांना कळले पाहिजे.

अमृतमहोत्सवासाठी शाळेच्या खेळांचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा कागद असतीलच असे मी धरून चालले होते. लोकल बोर्डाच्या काळात सुरू झालेली आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदेकडे आलेली आपली शाळा. तिथे दुसरे काही नसले तरी दप्तर असणारच, हा माझा समज. ज्यांच्याकडे कपाटांच्या किल्ल्या होत्या त्यांनी आधी पुढच्या आठवड्यात बोलावले, मग वाळवीचे कारण सांगितले आणि शेवटी "खो-खोचा कसला आलाय इतिहास?" असे विचारून चहा मागवला. चहा चांगला होता, एवढे मान्य केले पाहिजे.

हा प्रश्न निदान कराड तालुक्यात तरी कोणी विचारू नये. गोळेश्वरचे खाशाबा जाधव कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली होती आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. परतल्यावर निघालेली बैलगाड्यांची मिरवणूक आमच्या वडिलांच्या पिढीने पाहिली. शाळेमागच्या हौद्यात लाल माती पडली ती त्यानंतरच, असे तुम्हीच आम्हाला सांगत असायचात.

तुम्ही पत्र्याची पेटी उघडण्याआधी हात धुतलेत, धोतराला पुसलेत आणि मग जुन्या पातळात गुंडाळलेल्या दोन फिरत्या ढाली बाहेर काढल्यात. त्यांवरच्या पितळी पट्ट्या चकचकीत होत्या. दर खंडेनवमीला चिंचेने घासून तुम्ही त्यांची पूजा करता, हे काकूंनी सांगितले; तुम्ही सांगितले नसतेत. ढालींखाली नोंदवही होती. मुलांच्या संघांची नावे तिच्यात शाईने, ठळक लिहिलेली. आमच्या १९८४ च्या पानावर मात्र 'मुली, खो-खो, उपविजेत्या' एवढीच ओळ, आणि त्या ओळीखाली तुमच्या वळणदार अक्षरात, पेन्सिलीने, बारा नावे.

पाट्यांवर बसणाऱ्या आठ जणी आणि पाठलाग करणारी नववी, या नऊ जणी लोकांच्या लक्षात राहतात. उरलेल्या तिघी राखीव, म्हणजे रेषेबाहेर चपला सांभाळणाऱ्या. बारावे नाव माझे होते. त्या सामन्यात मी एक क्षणही मैदानात उतरले नव्हते. मी तसे म्हणाले, तर "पाणी तर तूच देत होतीस की," एवढे बोलून तुम्ही पान उलटलेत.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिल्या खो-खो विश्वचषकात प्रियांका इंगळेच्या संघाने अंतिम सामन्यात नेपाळला हरवले, तेव्हा टीव्हीसमोर बसून मला आठवले ते आपले मैदान आणि शाळा भरण्याआधी एकट्याने फक्की मारणारे तुम्ही. खर्डेकरांचे घर आणि तुमची पेटी यांची तुलना होत नाही, हे मला समजते. पण आपल्याकडे खेळ टिकले ते अशाच, पगारात न बसणारे काम कोणी न सांगता करणाऱ्या माणसांमुळे, आणि अशा माणसांची नावे नोंदवहीत क्वचितच येतात. तुमचेही त्या वहीत कुठेच नाही. मी दोनदा पाहिले.

मुद्रणासाठी छायाप्रती काढून झाल्या की मूळ वही तुमच्याच पेटीत परत आणून ठेवते, कपाटांवर माझा आता भरवसा नाही. येत्या खंडेनवमीला चिंच विकत आणू नका. मी घेऊन येते.

आपली नम्र,
संघातील बारावी