दहाव्या नंबरावर टाइट एंड? – सच्यास पत्र

नेपरव्हिल, इलिनॉय
४ मे २०२५

प्रिय सच्या,

तुझे व्हॉइस मेसेज ऐकले. पहिल्यात प्रश्न होता, पुढच्या सगळ्यांत नुसत्या शिव्या. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहून पाठवतोय. शेवटपर्यंत वाच, मग उरलेल्या शिव्या घाल.

तुझं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्या शिकागो बेअर्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, कॅलेब विल्यम्स, त्याला गेल्या मोसमात ६८ वेळा सॅक केलं, म्हणजे चेंडू फेकायच्या आत पाडलं, पोरगं उभं राहायच्या आत आडवं होत होतं, आणि तरी बेअर्सनी एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या) ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातली नवी पोरं निवडतात तिथे, दहाव्या नंबरचा पिक टाइट एंडवर, म्हणजे अडवणाऱ्या आणि चेंडूही झेलणाऱ्या गड्यावर, घालवला. तोही कोल कमेट हा टाइट एंड घरात असताना! "खुळी हाईत काय तुमची माणसं?" हे तुझे शब्द. रविवारी रात्री साडेदहाला टीव्ही लावून, वहिनींची बोलणी खात तू अख्खा मोसम काढलास, तेव्हा हे विचारायचा तुला हक्क आहे. पण भावा, तू हिशोब एप्रिलपासून मांडलास. तो जानेवारीपासून मांडायला हवा.

जानेवारीत आपण बेन जॉन्सनला हेड कोच म्हणून आणलं. थँक्सगिव्हिंगची मॅच आठव, डेट्रॉइटला, २३-२० अशी हरलेली. शेवटच्या अर्ध्या मिनिटात टाइमआउट शिल्लक असताना आपला तेव्हाचा हेड कोच एबरफ्लूस नुसता उभा आणि घड्याळ पळतंय. तुझ्याकडे तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते आणि तू फोनवर जे बोललास ते पत्रात लिहिता येणार नाही. दुसऱ्या दिवशी एबरफ्लूसला नारळ दिला. मोसम चालू असताना हेड कोचला काढायची बेअर्सच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ. त्या दिवशी समोरच्या बाजूला डेट्रॉइट लायन्सचा ऑफेन्स, म्हणजे हल्ल्याची बाजू, चालवत होता तो हाच जॉन्सन.

मग मार्चमध्ये आपला जीएम (जनरल मॅनेजर) रायन पोल्सनं लाइनचा, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे उभं राहून त्याला वाचवणाऱ्या पाच जणांचा, मधला भागच उचलून बदलला. कॅन्सस सिटीकडून जो टूनी आणला, चार सुपर बोल (लीगची अंतिम मॅच) जिंकलेला गार्ड, आणि त्यासाठी दिलं काय, तर २०२६ च्या ड्राफ्टचा चौथ्या राउंडचा पिक. रॅम्सकडून जोना जॅक्सन आला, जो डेट्रॉइटला जॉन्सनच्या हाताखाली खेळलाय. सेंटर म्हणून अटलांटाचा ड्रू डालमन. उजवीकडे डार्नेल राइट आहेच. म्हणजे पाचातल्या चार जागा ड्राफ्टच्या आधीच भरल्या होत्या. राहिला लेफ्ट टॅकल, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाचा गडी. ब्रॅक्स्टन जोन्सचा घोटा डिसेंबरात मोडला, तो कधी आणि कसा परत येतो यावर सगळं अवलंबून.

आता तू म्हणणार, मग दहाव्या नंबरावर टॅकलच घ्यायचा ना! कुठला? विल कॅम्बेल चौथ्या नंबरावर पेट्रियट्सकडे गेला, आर्मांड मेंबू सातव्यावर जेट्सकडे, आणि केल्विन बँक्स नवव्यावर सेंट्सकडे. नववा! आपल्या नाकासमोरून. त्यानंतरचा टॅकल लीगमध्ये गेला तो थेट पहिल्या राउंडच्या शेवटी. म्हणजे ३२ संघांच्या मते दहाव्या नंबराच्या लायकीचा टॅकल उरलाच नव्हता. गरज आहे म्हणून उरलेल्यातला पहिला उचलायचा, हा धंदा आपण पूर्वी पुष्कळ केलाय.

कोल्स्टन लव्हलँडबद्दल सांगतो. आयडाहोतल्या गुडिंग नावाच्या छोट्या गावातलं पोरगं, सहा फूट सहा इंच, वय २१. मिशिगन विद्यापीठाच्या २०२३ च्या चॅम्पियन टीममध्ये होता. गेल्या मोसमात दुखऱ्या खांद्यानं खेळून ५६ कॅच घेतले, मिशिगनच्या टाइट एंडसाठी तो विक्रम आहे, आणि जानेवारीत खांद्याचं ऑपरेशन झालं. आता जॉन्सनच्या नजरेनं बघ. दोन टाइट एंड मैदानात उतरवले की समोरच्याला जड गडी आत घ्यावे लागतात, कारण धावण्याचा खेळ येईल अशी धास्ती असते. मग त्याच जड गड्यांच्या मधून लव्हलँडसारखा लांब ढांगांचा माणूस पळवायचा. डेट्रॉइटमध्ये सॅम लापोर्टा ह्या टाइट एंडला घेऊन हेच चालायचं. जॉन्सन स्वतः तिथे आधी टाइट एंड्सचाच कोच होता, हेही ध्यानात घे.

आणि त्या ६८ सॅकचं सगळं खापर लाइनवर फोडू नकोस. त्यातले बरेच कॅलेबनं स्वतः ओढवून घेतलेले आहेत. चेंडू हातात धरून ठेवायचा, काहीतरी भारी घडेल म्हणून. कॉलेजात घडायचंही. इथे नाही घडत. मैदानाच्या मध्यात, आठ-दहा यार्डांवर एक उंच, खात्रीचा माणूस दिसला की चेंडू लवकर सुटतो. क्वार्टरबॅकला वाचवायचा हाही एक मार्ग आहे.

राग धरायचाच तर जुन्या ग्रेग ओल्सनचा धर. २००७ ला पहिल्या राउंडमध्ये ३१ वा घेतला आणि नवीन ऑफेन्समध्ये टाइट एंडला काम नाही म्हणून २०११ मध्ये कॅरोलायनाला देऊन टाकला. तिथे त्यानं लागोपाठ तीन मोसम हजार यार्डांच्या वर काढले. ज्या टीमचा सगळ्यात मोठा माणूस माइक डिटका, जो स्वतः १९६१ ला पहिल्या राउंडमध्ये टाइट एंड म्हणून आला, त्या टीमनं हे करावं!

तर लव्हलँडवर माझी तक्रार नाही. माझी तक्रार दुसऱ्या दिवशीची आहे, आणि ती तुझ्या लक्षातच आली नाही.

आपल्याला काय हवं होतं? समोरच्या क्वार्टरबॅकच्या अंगावर जाणारा एज रशर. माँटेझ स्वेटला २०२३ मध्ये दुसऱ्या राउंडचा पिक देऊन आणला, गेल्या मोसमात त्याचे साडेपाच सॅक. दुसऱ्या बाजूला डायो ओडेइंग्बोला तीन वर्षांचे ४८ मिलियन डॉलर कबूल केले, त्याचे गेल्या मोसमातले सॅक तीन. ऑस्टिन बुकर अजून कच्चा आहे. आमच्या विभागात गेल्या वर्षीची जिंकल्या-हरल्याची गणती: लायन्स १५-२, वायकिंग्ज १४-३, पॅकर्स ११-६. आम्ही ५-१२. ह्या तिघांच्या क्वार्टरबॅकना निवांत उभं राहू दिलं तर लव्हलँडनं कितीही झेलले तरी काय उपयोग?

शुक्रवारी आपल्याकडे ३९ आणि ४१ असे दोन नंबर होते. ३८ वर पेट्रियट्सनी ट्रेव्हियन हेंडरसन उचलला, तेव्हा मी सोफ्यावरची उशी फेकली. मला तो रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, हवा होता. ठीक आहे, म्हटलं, आता एज. ३९ ला घेतला लूथर बर्डन, मिझुरीचा रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा. गुण आहेत पोरात, २०२३ मध्ये १,२१२ यार्ड काढलेत, पण झेलायला डीजे मूर आहे, ओडून्झे आहे, आता लव्हलँड आला, कमेट आहे. चेंडू एकच असतो! आणि ४१ वर बोस्टन कॉलेजचा डोनोव्हन एझेरुआकू अजून शिल्लक. गेल्या मोसमात साडेसोळा सॅक. पोल्सनं काय केलं? तो नंबर बफेलोला विकला, वर ७२ वाही दिला, आणि ५६, ६२ आणि १०९ घेतले. एझेरुआकू ४४ वर डॅलसला गेला.

५६ ला आपण कोण घेतला ठाऊक आहे? ऑझी ट्रापिलो. लेफ्ट टॅकलच्या जागेवर झगडणारा, सहा फूट आठ इंचांचा, आणि तोही बोस्टन कॉलेजचा. म्हणजे सरावात रोज एझेरुआकूसमोर उभा राहणारा माणूस आपण आणला आणि एझेरुआकूला सोडला. ६२ ला शेमार टर्नर, टेक्सास ए अँड एमचा. तो आतल्या बाजूला खेळणारा, एज म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवता येणार नाही. एकूण आठ पिक आणि त्यात खरा एज रशर एकही नाही. चौथ्या राउंडमध्ये रुबेन हिपोलीट नावाचा लाइनबॅकर घेतला, जो मी वाचलेल्या कुठल्याच यादीत इतका वर नव्हता. पळतो मात्र वाऱ्यासारखा.

बर्डनची एक गंमत मात्र सांगायला हवी. २०२३ मध्ये आपण पहिला नंबर कॅरोलायनाला विकला होता, त्या सौद्यातला हा शेवटचा हप्ता. त्यात काय काय आलं बघ. डीजे मूर. नववा नंबर, तिथून एक पायरी खाली उतरून डार्नेल राइट. ६१ वा नंबर, तो पुढे सरकवून टायरिक स्टीव्हन्सन. २०२४ चा पहिला राउंड, जो आपोआप पहिलाच नंबर निघाला, म्हणजे कॅलेब. आणि आता ३९ वर बर्डन. लीगमध्ये असा सौदा क्वचित होतो. पण त्यातलाच स्टीव्हन्सन, आपला बचावातला गडी, गेल्या मोसमात वॉशिंग्टनला शेवटच्या प्लेच्या वेळी प्रेक्षकांकडे तोंड करून त्यांना डिवचत होता. चेंडू सुटल्यावर धावत आला, हात लावून वर उडवला, आणि मागे एकटा उभा असलेल्या वॉशिंग्टनच्या नोआ ब्राउनच्या हातात पडला. १८-१५. तिथून लागोपाठ दहा हरलो. बेअर्स म्हणजे हे दोन्ही, एकाच सौद्यात.

तुझ्या थोरल्यानं विचारलं होतं, की आयपीएलसारखी बोली का नाही लावत? त्याला सांग, इथे पैशाचा प्रश्न नंतर. सगळ्यात खाली असलेला संघ आधी निवडतो, सात राउंड, तीन दिवस. पोराला कुठे जायचं ते विचारत नाहीत. १९३६ च्या पहिल्या ड्राफ्टचा पहिला पिक शिकागो विद्यापीठाचाच होता, जे बर्वांगर. फिलाडेल्फियानं निवडला, हक्क बेअर्सच्या जॉर्ज हॅलसनं घेतले, पगारावर जमलं नाही आणि गडी एकही मॅच न खेळता दुसऱ्या कामधंद्याला लागला. आपल्या कोल्हापुरात फुटबॉल खेळणारं पोरगं ज्या पेठेत जन्मतं त्या पेठेच्या तालमीचं. पाटाकडील असो नाहीतर प्रॅक्टिस क्लब, शाहू स्टेडियमवर त्याची आजीसुद्धा शिट्ट्या मारायला येते. इथल्या लोकांना हे सांगितलं की हसतात. मला त्यांचं हसू येतं. सगळ्यात वाईट खेळलेल्याला सगळ्यात मोठं बक्षीस, हे आपल्या पेठेत कुणाला पटवून दाखव!

आणि बक्षीस मिळून तरी काय? २०१७ मध्ये आपण तिसऱ्यावरून दुसऱ्या नंबरावर जायला तीन जादा पिक दिले आणि मिच ट्रुबिस्की घेतला. पॅट्रिक महोम्स दहाव्यावर गेला. शंभर वर्षांपेक्षा जुनी ही टीम, पण आजवर आपल्या एकाही क्वार्टरबॅकनं एका मोसमात चार हजार यार्ड फेकलेले नाहीत. कॅलेब पहिल्या वर्षी ३,५४१ वर थांबला, तेही त्या धुळवडीत. म्हणून मी ऑफेन्सवरच्या खर्चाला फार नावं ठेवत नाही.

शेवटचा पिक मला सगळ्यात आवडला. सातवा राउंड, २३३ वा, काइल मोनँगाई. रटगर्सचा रनिंग बॅक. न्यू जर्सीतली आपली मंडळी, एडिसनची, रटगर्सचं नाव घेतात ते पोरांच्या अॅडमिशनसाठी. आता जरा मॅचही बघतील. लहान चणीचा आहे, फार वेगवान नाही, पण लागोपाठ दोन मोसम हजारावर यार्ड काढलेत आणि चेंडू हातातून सोडत नाही. हेंडरसनच्या जागी हा, असं कुणी म्हणणार नाही, पण नोव्हेंबरात सोल्जर फील्डवर, आपल्या स्टेडियमवर, तळ्यावरचा वारा सुटतो तेव्हा असाच गडी लागतो. १९८३ मध्ये रिचर्ड डेंटला आठव्या राउंडमध्ये, २०३ वा घेतला होता. तोच पुढे ४६-१० वाल्या सुपर बोलचा एमव्हीपी, म्हणजे सगळ्यात मोलाचा खेळाडू, झाला. आणि डेंट काय खेळायचा? एज! पोल्सला कुणीतरी हे कळवा रे.

तू गेल्या वर्षीचा किरण विचारत होतास. नाही, आपला नाही तो. किरण आमेगाजी, इथल्याच हिन्सडेलचा, येल विद्यापीठात शिकलेला टॅकल, तिसऱ्या राउंडचा. डिसेंबरात वायकिंग्जसमोर त्याला पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरवलं आणि बिचाऱ्याचे हाल झाले. आता जोन्स, ट्रापिलो आणि किरण अशी तिघांत लेफ्ट टॅकलची चुरस लागेल. माझे पैसे जोन्सवर, घोटा साथ देत असेल तर.

वेळापत्रक अजून यायचंय. ट्रेनिंग कॅम्पनंतर बाकीचे संघ माणसं सोडतात तेव्हा एखादा अनुभवी एज पदरात पडेल, अशी मला आशा आहे. नाही पडला तर तू मला शिव्या घाल, मी पोल्सला घालतो.

थोरल्याला कॅलेबची १८ नंबरची जर्सी पाठवतोय, साइज कळव. काकूंना नमस्कार सांग, वहिनींना सांग की सप्टेंबरपर्यंत रात्री घरात शांतता आहे.

तुझा,
नंद्या