शनिवारी गाडी बघायला जाण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन ठेवताना तू म्हणालीस, "बाबा, मी विचारायला नाही, सांगायला फोन केला होता." ते वाक्य अजून डोक्यात फिरतंय. तुझी आई म्हणते, बरोबरच बोलली पोरगी, कमावती आहे. मीही तेच म्हणतो. पण फोनवर मी एक बोलतो, तू एक बोलतेस, मधेच आई जेवलीस का विचारते आणि गाडीचं बोलणं राहून जातं. म्हणून लिहायला बसलोय. शनिवारी तू तिकडे जर्मनीत ती जुनी पोर्शे बॉक्सस्टर बघायला जाणार, त्याआधी हे तुला मिळावं.

गाडी घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. १२,००० युरो तुझ्या कष्टाचे आहेत. तू पाठवलेले फोटो मी गॅरेजच्या कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले, पोरांनाही दाखवले. चंदेरी रंग, २००१चं मॉडेल, २.७ लिटरचं इंजिन, तीन सिलिंडर एका अंगाला आणि तीन दुसऱ्या, तेही सीटच्या मागे. उद्यमनगरात इतकी वर्षं गाड्या उघडतोय, पण असं इंजिन माझ्या हाताखालून गेलेलं नाही. तात्या मेस्त्रींनी चष्मा लावून एकेक फोटो बघितला. "आपल्या सईची?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी हो म्हणालो, अजून घेतलेली नाहीस तरी.

पण त्या फोटोंत टायर नीट दिसत नाहीत.

रिम सतरा इंचांची दिसते, म्हणजे पुढे २०५ आणि मागे २५५ मिलिमीटर रुंदीचे टायर असणार. नक्षी भरपूर आहे, आणि मला काळजी त्याचीच आहे. अशा गाड्या उन्हाळ्याचे चार महिने फिरतात आणि उरलेलं वर्ष शेडमध्ये उभ्या असतात. टायर झिजत नाही, नुसता जुना होतो. रबर कडक होतं, कडेला केसासारख्या भेगा पडतात. गोटा झालेला टायर कुणालाही कळतो, हा कळत नाही. तुमच्याकडे दर दोन वर्षांनी होणाऱ्या तपासणीतही नक्षी पुरेशी असली आणि भेगा डोळ्यांत भरल्या नाहीत, तर निव्वळ वयावरून तो नापास होत नाही. टायरच्या कडेला डीओटी असं लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी चार आकडे. ३११४ असेल तर २०१४ सालचा एकतिसावा आठवडा. हे आकडे पुष्कळदा एकाच बाजूला असतात आणि नेमकी ती बाजू आत गेलेली असते. तेव्हा जमिनीवर आडवी हो, मोबाइलची टॉर्च मार आणि चारही टायरचे आकडे मला पाठव. मागचे दोन बदलून पुढचे तसेच ठेवणारे मालक असतात, म्हणून चारही म्हणतोय.

आता इंजिनचं. या गाडीचं एक दुखणं जगजाहीर आहे, तूही वाचलं असशील. क्रँकची गती कॅमशाफ्टकडे नेणारा जो इंटरमीजिएट शाफ्ट आहे, त्याच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग बसवलंय. सुरुवातीच्या गाड्यांत त्यात गोळ्यांच्या दोन ओळी होत्या. २०००-२००१च्या सुमारास एकच ओळ आली आणि ती जास्त नाजूक निघाली. ते बेअरिंग तुटलं की टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं. बदलता येतं, पण त्यासाठी गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, म्हणून जाणकार मालक क्लच प्लेट टाकताना तेही टाकून घेतो. मालक "बदललंय" म्हणाला तर बिल माग. बिल नसेल तर बदललेलं नाही असंच धर आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांग. ऑइल फिल्टर काढून दाखवायला तयार झाला तर त्याच्या घड्या पसरून उजेडात बघ. चमचमणारा चुरा दिसला तर नमस्कार करून परत ये.

हे तुला मी काय शिकवणार. सहावीत असताना शाळेतून आलीस की दप्तर टाकून तू थेट मागच्या शेडमध्ये यायचीस. जुना फिल्टर कापून 'पुढारी'च्या पानावर पसरायचीस आणि स्पीकरमधून काढलेलं ते लोहचुंबक त्यावरून फिरवायचीस. चिकटला तर पोलाद, नाही चिकटला तर अ‍ॅल्युमिनियम नाहीतर बेअरिंगचं पांढरं मेटल. एकदा त्या गडहिंग्लजच्या डॉक्टरांच्या गाडीचा चुरा बघून तू म्हणालीस, "बाबा, ह्यांचं बेअरिंग गेलंय." डॉक्टर हसले. इंजिन खोललं तर बेअरिंगच निघालं. आत्या म्हणायची, पोरीच्या नखांतलं काळं कधी जायचं नाही. मला तर ती नखं बघून बरं वाटायचं. मेकॅनिकलला प्रवेश घेतलास तेव्हा वर्गात मुली किती आहेत हे सगळ्यांनी विचारलं, तू कितवी आलीस हे कुणी विचारलं नाही. जाऊ दे. विषय गाडीचा आहे.

मालकाला आधीच सांगून ठेव की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजिन सुरू होताना ऐकायचं. झोपलेल्या सिलिंडरांचं इंजिन आहे, पहिल्या क्षणी थोडा निळा धूर आला तर घाबरू नकोस. पांढऱ्या धुराचे लोट थांबेचनात तर ऑइल सेपरेटर गेलेला असतो. मागच्या डिकीत कूलंटची टाकी आहे, प्लॅस्टिकची, वयाने तडकते. तिच्याजवळचं कार्पेट दाबून बघ, ओलं लागतंय का. पुढच्या बंपरच्या जाळीतून आत टॉर्च मार, रेडिएटरसमोर पानांचा कचरा साचून खाली गंज धरतो. छताची मागची काच म्हणजे त्या सालात प्लॅस्टिकच आहे. थंडीत छत दुमडलंस तर चिरेल, ते लक्षात ठेव.

पाण्याचं मात्र नीट बघ. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा पूर उतरल्यावर आपल्या दारात लागलेली रांग तू बघितली आहेस. धुऊन पुसून उभ्या केल्या की गाड्या नव्यासारख्या दिसायच्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की मग पट्ट्यावर गाळाची रेघ दिसायची, आणि सीटच्या रुळांवर तांबूस गंज. तुमच्याकडेही २०२१च्या जुलैत आर नदीच्या खोऱ्यात तसाच पूर येऊन गेला. पूर बघितलेली नसली तरी ही कापडी छताची गाडी आहे. छताचं पाणी वाहून जायला नळ्या असतात, त्या पानांनी तुंबल्या की पाणी थेट आत उतरतं, आणि अलार्म-इमोबिलायझरचं युनिट नेमकं सीटखाली आहे. कार्पेटखाली हात घाल. कोरडं असलं तरी वास घे.

आणि पाणी म्हटलं की मी परत टायरवर येतो.

इंजिन मधे असलेली गाडी वळणाला रस्ता धरून जाते, पण एकदा सुटली की सावरायला वेळ देत नाही. घसरण सावरणारी पीएसएम नावाची यंत्रणा त्या सालच्या सगळ्या बॉक्सस्टरमध्ये नाही, ज्याने जादा पैसे भरले त्याच्याच गाडीत आहे. डॅशबोर्डवर बटण आहे का ते बघ. नसेल तर ओल्या रस्त्यावर तू, स्टिअरिंग आणि ते चार टायर, एवढंच. ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या महामार्गावर, ताशी १३० हा नुसता सल्ला आहे हे तूच मला सांगितलंस. ही गाडी २५०ला जाते हे कंपनीच्या माहितीपत्रकात मी वाचलं. कडक रबर ओल्या रस्त्यावर ११०लाच सोडतं. नूरबुर्गरिंगच्या रेस ट्रॅकवर जायची भाषा तू मागे केली होतीस. तिथला २०.८ किलोमीटरचा फेरा पैसे भरून कुणालाही मारता येतो, पण बऱ्याच विमा कंपन्या तिथली भरपाई देत नाहीत. या गाडीने तिथे जाऊ नकोस. निदान पहिल्या वर्षी तरी.

किणी नाक्याच्या पुढची ती रात्र तुला आठवायची नाही, लहान होतीस. काकाने ती ओम्नी इचलकरंजीहून परस्पर घेतली होती, मला दाखवायच्या आधी. नक्षी तिच्याही टायरांवर भरपूर होती. तेव्हापासून आजी देवघरात दोन समया लावते. मी त्याबद्दल तुझ्याशी कधी बोललो नाही, आताही जास्त लिहीत नाही.

पैशाचं एकच सांगतो. २००१ची पोर्शे आज साध्या गाडीच्या भावात मिळते, पण तिचा पार्ट पोर्शेच्याच भावात मिळतो. गाडीची किंमत म्हणजे पहिला हप्ता समज. तीन-चार हजार युरो बाजूला ठेवल्याशिवाय घेऊ नकोस. क्लच, सस्पेन्शनचे बुश, पाण्याचा पंप, या वयात काही ना काही निघणारच. आणि विकणारा खासगी मालक असेल तर करारात तो सगळी जबाबदारी झटकणार, तसं लिहून घेण्याची तिथे मुभा आहे. डीलर असेल तर त्याला वर्षभराची जबाबदारी घ्यावीच लागते. त्यामुळे ट्यूफ किंवा डेक्रा या गाड्या तपासणाऱ्या संस्थांच्या माणसाकडून आधी तपासून घे, त्याचे पैसे गेले तरी चालतील. बचत केली पाहिजे, हातात सहा महिन्यांचा पगार असला पाहिजे, परदेशात माणूस एकटा असतो...

माफ कर. भाषण सुरू झालं. शिक्षणाचं कर्ज मुदतीच्या दोन वर्षं आधी फेडणाऱ्या मुलीला मी बचत शिकवतोय. बँकेचं ते पत्र आईने कपाटात साड्यांखाली ठेवलंय. पाहुणे आले की काहीतरी निमित्त काढून दाखवते.

तुला ही गाडी का हवी हे मला कळत नाही असं तू म्हणालीस. कळतं गं. दसऱ्याला आपण दसरा चौकात जायचो ते तुला आठवतं का? सोनं लुटायच्या गडबडीत सगळ्यांच्या नजरा पालखीकडे, आणि तू माझ्या खांद्यावर बसून एकच धरलेलं, मेबॅक कधी येणार. राजाराम महाराजांची ती गाडी संध्याकाळच्या उजेडात वळून आत आली की माझे केस घट्ट धरायचीस. घरी येऊन प्रश्न. तिचं ऑइल कोण बदलतं, पार्ट कुठून आणतात, सुरू नाही झाली तर महाराज चालत येणार का. ती गाडी बोडन्झे तळ्याकाठच्या फ्रीडरिशहाफेनची. तू आता राहतेस त्याच राज्यातली, श्टुटगार्टहून दोन-तीन तासांच्या अंतरावरची. तिथे गेल्यावर तू पहिला फोटो त्या गावाच्या पाटीचा पाठवला होतास, तेव्हाच मी आईला म्हणालो होतो की ही एक दिवस जुनी गाडी घेणार. नवी गाडी कुणीही चालवतो. जुनी गाडी ज्याला ऐकू येते त्याने घ्यावी, आणि तुला ऐकू येतं. एवढं मला माहीत आहे, म्हणून तर काळजी गाडीची नाही, रबराची आहे.

घेतलीस तर हिवाळ्यात ती बाहेर काढू नकोस. रस्त्यावर मीठ टाकतात ते खालून सगळं खातं. ठरावीक महिन्यांपुरती नंबर प्लेट मिळते तिथे, मार्च ते ऑक्टोबर अशी घे, विमा आणि करही कमी बसेल. ऑफिसला तुझी ती ट्राम बरी आहे.

शनिवारी किती वाजता जाणार ते कळव. मी दुपारी गॅरेजातच असेन, तात्याही थांबणार आहेत. इंजिन सुरू करताना व्हिडिओ कॉल लाव आणि फोन मागच्या चाकाजवळ धर. मी काही बोलणार नाही, फक्त ऐकणार. घ्यायची की नाही ते तू ठरव.

गाडी पसंत पडली आणि टायर सहा वर्षांच्या वरचे निघाले, तर तिथून चालवत आणू नकोस. फ्लॅटबेड ट्रकवर घालून आण आणि चारही नवे टाक, पोर्शेने मान्य केलेले, ज्यांच्या कडेला एन आणि पुढे आकडा असतो ते. त्याचे पैसे मी पाठवतोय. काल बँकेत जाऊन आलो. परदेशी पैसे पाठवायला पॅन आणि एक फॉर्म लागतो, तो भरून दिला, फक्त तुझा खाते क्रमांक घालायचा राहिलाय. गाडी तुझी, टायर माझ्याकडून. यावर वाद घालू नकोस, खाते क्रमांक पाठव.

तुझा,
बाबा

ता. क. आईने विचारलंय, त्या गाडीला सीट दोनच आहेत, तर मे महिन्यात आम्ही दोघं आलो की बसायचं कुठे. मी तिला सांगितलंय की पहिली फेरी तिची.