पठारावरच्या जुन्या पवनचक्क्या उतरवण्याची जबाबदारी लेखी हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाटण तालुक्यात, वनकुसवडे पठाराच्या कडेला असलेल्या एका गावात मी राहते. घरची शेती पाहते आणि एक मुदत ग्रामपंचायतीची सदस्यही होते. जुन्या पवनचक्क्या उतरवून त्यांच्या जागी मोठ्या क्षमतेच्या नव्या उभ्या राहणार, अशी बोलणी सध्या आमच्याकडे ऐकू येत आहेत. त्यासंबंधी काही मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पवनचक्क्यांना माझा विरोध नाही. त्या आल्या तेव्हा पठारावर जाणारे रस्ते झाले, वाडीतल्या काही मुलांना रखवालीचे आणि देखभालीचे काम मिळाले आणि ती मुंबईला न जाता घरी राहिली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. शिवाय ज्या तालुक्यात १,९६० मेगावॉटच्या कोयना प्रकल्पाचे धरण आहे आणि त्या धरणासाठी उठलेल्या गावांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अजून पुरते सुटलेले नाहीत, तिथल्या माणसाला धुराविना, गाव न बुडवता वाऱ्यावर होणाऱ्या विजेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच ही वीज करणाऱ्या कंपन्यांनी आपली जबाबदारी पुरी पार पाडावी, अशी माझी अपेक्षा आहे.

आमच्या गुरे चारायच्या वाटेवर तीन पावसाळ्यांपूर्वी एका पवनचक्कीचे पाते तुटून पडले. वरचा भाग कंपनीच्या माणसांनी करवतीने कापून नेला, खालचा मोठा तुकडा अजून तिथेच गवतात आहे. कापलेल्या तोंडाला पांढरे तंतू सुटले आहेत आणि चुकून हात लागला तर खाजकुयली लागल्यासारखे दिवसभर टोचत राहते. पाती काचतंतू आणि राळ यांची बनलेली असतात. ती कुजत नाहीत, लोखंडासारखी वितळवून पुन्हा वापरता येत नाहीत आणि त्यामुळे भंगारवालाही नेत नाही. मनोरा, तांबे, यंत्रे यांना गिऱ्हाईक आहे, पात्याला नाही, म्हणून पाते पठारावर राहते. त्याच वाटेवर एका मनोऱ्यावर वरच्या गिअरबॉक्सपासून दारापर्यंत तेलाचा तपकिरी ओघळ आला आहे. जूनच्या पहिल्या पावसात पायथ्याच्या जांभ्या दगडावरून ते तेल खाली उतरते आणि ओढ्याच्या डबक्यावर तवंग दिसतो. त्याच ओढ्याचे पाणी आमची गुरे पितात. वापरलेले तेल हे २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते आणि ते मान्यताप्राप्त प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे लागते, हे मला ग्रामपंचायतीत असताना कळले.

याविषयी विचारायला गेले तेव्हा जे उत्तर मिळाले, ते या साऱ्या प्रश्नाचे मूळ आहे. पवनचक्की एकाची, देखभाल दुसऱ्याची आणि पाते कापण्याचे काम तिसऱ्या कंत्राटदाराचे. पहिल्याच वर्षी मोठा घसारा (यंत्राच्या झिजेपोटी उत्पन्नातून वजावट) दाखवण्याची करसवलत असल्याने एके काळी पवनऊर्जेशी संबंध नसलेल्या अनेकांनी एक-दोन पवनचक्क्या विकत घेतल्या आणि देखभाल दुसऱ्या कंपनीकडे सोपवली. नफा, बिल आणि करार यांची विभागणी नीट झालेली आहे, पण तुटलेले पाते त्यांतल्या कोणाच्याच वाट्याला आलेले नाही. ज्या साहेबांना मी भेटले ते माझ्याशी अत्यंत सभ्यपणे बोलले आणि शेवटी म्हणाले, "ताई, आमची कंपनी गावासाठी एवढे करते, शाळेला पाण्याचे यंत्र दिले, दप्तरे दिली."

मला हे बोलणे लागले. दप्तरे मुलांना मिळाली याचा आनंदच आहे. परंतु २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार, ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते आणि त्यात आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचे असते. म्हणजे दप्तरे हा कायद्याने ठरवलेल्या खर्चाचा भाग झाला. त्याच कायद्याखालच्या नियमांत असेही आहे की कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले किंवा अन्य कायद्याने बंधनकारक असलेले काम या खर्चात धरता येत नाही. तेल गोळा करणे, पाते उचलणे, रस्त्याच्या कडेची गटारे साफ ठेवणे ही व्यवसायाचीच कामे आहेत. ती न करता दप्तरे दाखवली तर दोन्ही हिशेब एकमेकांत मिसळतात आणि गावाला धन्यवाद म्हणून गप्प बसावे लागते.

जुन्या पवनचक्क्या बदलण्याच्या बोलण्यांमुळे हा प्रश्न आता टाळता येणार नाही. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०१६ मध्ये याविषयीचे धोरण आणले, २०२३ मध्ये ते सुधारले आणि दोन मेगावॉटपेक्षा कमी क्षमतेच्या पवनचक्क्या त्यात पात्र ठरवल्या. आमच्या पठारावरच्या अनेक जुन्या पवनचक्क्या त्याहून बऱ्याच लहान आहेत. एक मोठी पवनचक्की अनेक लहानांचे काम करणार असेल तर पठारावरची गर्दीही कमी होईल, म्हणून धोरण मला योग्यच वाटते. मात्र पवनऊर्जा प्रकल्प १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत येत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी जनसुनावणीची सक्ती नाही. कोळशाच्या प्रकल्पात गावाला निदान एक दिवस तरी बोलायला मिळते, इथे तोही नाही. अशा वेळी कंपनीने स्वतःहून गावासमोर येणे हेच खरे उत्तरदायित्व ठरते.

सड्यावरची, म्हणजे या खडकाळ पठारावरची, माती वीतभरच असते, पण तिच्यावर जे उगवते आणि जगते ते फार नाजूक असते. आमच्याच जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावरून २०१६ मध्ये सरड्याची एक नवी जात शास्त्रज्ञांनी जगासमोर आणली आणि तिच्या प्रजातीचे (जवळच्या जातींच्या गटाचे) नाव 'सरडा' या आपल्या मराठी शब्दावरून ठेवले, ही गोष्ट आमच्या कितीतरी मुलांना ठाऊक नाही. त्याच परिसरात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आणि त्यांचे भक्ष्य असलेले सरडे अधिक आढळले. पाती फिरू लागली की ससाणे आणि घारी दूर जातात आणि सगळी घडी बदलते. नवी जोती पुन्हा कोऱ्या सड्यावर खोदली गेली तर हे नुकसान वाढणार. जांभा एकदा फोडला की परत होत नाही, म्हणून नव्या पवनचक्क्या शक्य तिथे जुन्याच जागांवर आणि जुन्याच रस्त्यांवर याव्यात, असा माझा आग्रह आहे.

माझी मागणी एवढीच आहे की एकही जुनी पवनचक्की उतरवण्याआधी मालक, देखभाल कंपनी आणि कंत्राटदार या तिघांनी मिळून एक लेखी निवेदन ग्रामसभेत ठेवावे. पाती कुठे नेणार आणि त्यांचे काय करणार, तेल कोणाला देणार, कोणती जोती उकरणार आणि कोणती वापरणार, रस्त्याखालच्या भातखाचरांत माती वाहून आली तर भरपाई कोण देणार आणि यांपैकी कशासाठी गावकऱ्यांनी कोणाला फोन करायचा, हे त्यात मराठीत आणि नावानिशी असावे. हा खर्च दोन टक्क्यांच्या खर्चातून वेगळा दाखवावा. जिल्हा प्रशासनाने हे निवेदन आल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नये आणि पत्रकारांनी एकदा पठारावर येऊन गवतातले ते पाते पाहावे. चराईच्या वाटेने चालत गेले की अर्ध्या तासात पोहोचता येते. वाट दाखवायला मी स्वतः बरोबर येईन.

आपली,
एक वाचक
ता. पाटण, जि. सातारा